वाघिणीवरचा एक

हिराजी, कावळा लगेच शिवला. पिंड मांडला, भटजी दोन पावलं मागे सरले न सरले तोच तो तिवरांतून आला, उगाच इकडेतिकडे न बघता सरळ बसला आणि चोच मारून मोकळा झाला. माणसं हुश्श करून चपला शोधायला लागली. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "हिराजीचं काय मागं ऱ्हायलं न्हाय." मी मात्र खाडीच्या बांधावर होतो तिथेच उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, तू अडून बसशील. तासभर तरी. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील, कोणाचं काय राहिलंय म्हणून विचारतील, आणि मी पुढे होऊन हात जोडून जे बोलायचं ते बोलून टाकीन. एवढी तयारी करून मी मुरुडहून निघालो होतो. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस.

मी थकलोय रे. गुडघ्यांचं तर विचारू नकोस. मुरुडहून अलिबाग, तिथे गाडी बदलून पेण, पेणला उतरून सहा आसनी रिक्षा, आणि शेवटचा तुकडा पायी. पूर्वी हाच प्रवास मी शनिवारी दुपारी उलटा करायचो, तेव्हा अंगात रग होती आणि घरी पोचायची घाई होती. ती घाई पुढे किती महागात पडली ते तुला माहीत आहे. मला माहीत आहे. गेली चाळीस वर्षं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि आता एकट्याला माहीत असणं फार जड जातंय.

आपली ओळख काय, तर तू लिहायचास आणि मी वाचायचो. मिठागरापासून जेट्टीपर्यंत कंपनीची ती छोटी लाईन होती. रूळ इतके जवळ की एक पाय या रुळावर, एक त्या रुळावर ठेवून माणूस आरामात उभा राही. त्यावर मिठाने भरलेल्या पन्नासेक वाघिणी चालायच्या, सागवानी फळ्यांच्या, उघड्या. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला नोकरी लागल्यावरच कळलं. पहिल्याच आठवड्यात मी घरी पत्र लिहिलं होतं की आज सकाळी तेवीस वाघिणी मोजल्या. आमच्या हिने ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला परत बोलावून घ्यायचा हट्ट धरला. ही गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा तू हसून हसून ब्रश सफेद्याच्या डब्यात पाडलास, आणि पुढे दर नव्या माणसाला ती तूच सांगत राहिलास, माझ्यापेक्षा बरी सांगायचास.

त्या वाघिणींच्या अंगावर जे काही लिहिलेलं असे ते सगळं तुझ्या हातचं. वरच्या फळीवर कंपनीची दोन इंग्रजी अक्षरं, मधोमध नंबर, खाली डाव्या कोपऱ्यात रिकाम्या वाघिणीचं वजन, उजव्या कोपऱ्यात मीठ किती भरायचं ते, आणि त्याच्याही खाली बोटाएवढ्या अक्षरांत तेलपाणी कधी झालं ती तारीख. पावसाळ्यात मिठागर बंद झालं की सगळ्या वाघिणी शेडमध्ये यायच्या आणि तुझा हंगाम सुरू व्हायचा. मीठ लाकूड खात नाही इतकं रंग खातं, असं तू म्हणायचास. दोरीला खडू फासून फळीवर ताणायचास, बोटाने टिचकी मारायचास, पांढरी रेघ उमटली की त्या रेघेवर अक्षरं बसवायला लागायचास. साचा तू कधी वापरला नाहीस. जवसाचं तेल आणि सफेदा किती एकत्र करायचा याचं तुझं माप डोळ्यांत होतं. मी कारकून माणूस, मला वाटायचं नंबर म्हणजे नंबर, त्यात एवढं काय. तू मला बोट धरून दाखवायचास, बघ, या आठाचं वरचं पोट खालच्यापेक्षा लहान ठेवलंय, नाहीतर तो डोकं जड झाल्यासारखा दिसतो. मी हो हो म्हणायचो. नंतर नंतर मला खरोखरच दिसायला लागलं. आज मुरुडच्या बाजारात कुठल्याही दुकानाची पाटी बघितली की पहिली नजर आठाच्या पोटावर जाते. हे तुझं देणं आहे, आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

तुला इंग्रजी येत नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कंपनीची अक्षरं तू चित्र काढावं तशी काढायचास. एका पावसाळ्यात सहा वाघिणींवर त्यातला 'एन' उलटा निघाला. सकाळी नंबर घेताना माझ्या लक्षात आलं. साहेबांची फेरी दहाला असायची. तू आणि मी काचकागद घासून, रंग चढवून ते सहाही सुलटे केले, साहेब आले तेव्हा रंग ओला होता, आणि मी म्हणालो, जरा उजळून घेतलंय. बस, एवढंच. पण तू ते डोक्यावर घेऊन नाचलास. कारकुनाने माझी लाज राखली, कारकुनाने माझी लाज राखली. मला तेव्हाच ओशाळल्यासारखं झालं होतं. अर्ध्या तासाचं काम ते.

मग वरून हुकूम आला की आकडे मराठीतही हवेत. साहेबांनी तोड काढली. वाघिणीच्या गावाकडच्या बाजूला इंग्रजी आकडे तसेच ठेवायचे आणि खाडीकडच्या बाजूला मराठी. तुला इतका खूश मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतर तर नाहीच. तू मला म्हणालास, "आता मी काय ल्हितंय ते मना सोताला वाचता येतंय." खाडीकडची बाजू तू जास्त मन लावून रंगवलीस हे सगळ्यांना दिसत होतं. जेट्टीवरचे खलाशीसुद्धा बोलायचे. मराठी आकड्यांना तू एक वेगळाच बाक दिला होतास, आणि तुझा एक तर काय सुंदर असायचा. वर गोल घट्ट डोकं, खाली एकच सरळ उतरती रेघ.

तो शनिवार. कितीदा त्याच्याजवळ जातो आणि मागे फिरतो. आज फिरत नाही.

फिटरने चिठ्ठी पाठवली होती, एकोणचाळीस नंबरचा ब्रेक खराब आहे, तिला बाजूला काढा, भरू नका. चिठ्ठीत आकडा इंग्रजी. माझं काम होतं ती वाघीण शोधून तिच्यावर खडूने फुली मारायची आणि खलाशांकडून सोडवून घ्यायची. नियम असा की दोन्ही बाजूंनी फिरून नंबर घ्यायचा आणि दोन्ही जुळले तरच वहीत लिहायचा. पण मला बाराची गाडी गाठायची होती. हिला सातवा महिना होता. गावाकडच्या बाजूला ऊन, खाडीकडे सावली आणि वारा. मी खाडीकडून चाललो. तिसरीच वाघीण एकतीस नंबरची. मराठी तीन आणि इंग्रजी तीन दिसायला जवळजवळ सारखेच. तीन दिसला आणि माझं डोकं इंग्रजीत गेलं. आणि इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्याला मराठी एक नऊच दिसतो, हिराजी. मी एकतीसला एकोणचाळीस वाचलं, फुली मारली, दुसऱ्या बाजूला गेलोच नाही. वहीतले दोन्ही रकाने एकाच बाजूवरून भरले. चांगली धडधाकट एकतीस बाजूला निघाली आणि खरी एकोणचाळीस मीठ भरून जेट्टीच्या उताराला लागली.

तिच्यावर ब्रेकला जनू होता. तुझ्याच आळीतला, तुझ्या दारासमोर राहणारा, तुझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. वाघीण थांबली नाही. जेट्टीच्या टोकाला असलेला लाकडी ठोकळा तोडून ती खाडीत कलंडली. जनूने उडी टाकली पण पाय अडकला. डावा पाय घोट्यापासून काढावा लागला. मी तेव्हा गाडीत बसून अलिबाग ओलांडलं होतं. सोमवारी आलो तेव्हा कळलं.

चौकशीला साहेबांनी मला आधी बोलावलं. मी हंगामी होतो, कायम व्हायचं पत्र साहेबांच्या टेबलावरच पडलेलं होतं. त्यांनी विचारलं, चिठ्ठीत एकोणचाळीस असताना तू फुली एकतीसवर कशी मारलीस. मी म्हणालो, "साहेब, आकडा स्पष्ट नव्हता." चार शब्द. मी ते आधी ठरवले नव्हते, हे तुला शपथेवर सांगतो. पण तोंडातून गेल्यावर परतही घेतले नाहीत. मग तुला बोलावलं. तू आत आलास, टोपी काढून हातात धरलीस. साहेबांनी विचारलं, तुझा एक नऊसारखा दिसतो का. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. वाघिणीवर पुढचं अक्षर घालायच्या आधी जागा मोजताना बघायचास, तसं. आणि म्हणालास, "दिसत आसंल, साहेब."

दिसत आसंल. ना हो, ना नाही. मी त्या दोन शब्दांवर चाळीस वर्षं काढली.

मराठी आकडे रद्द झाले. मुंबईहून पत्र्याचे साचे आले, इंग्रजी आकड्यांचे, आणि ते कोणीही मारू शकत होतं. तुला ब्रश खाली ठेवायला सांगितलं आणि चाकांना, खालच्या लोखंडाला डांबर मारायच्या कामावर घातलं. तक्रार कुठली, तू एक शब्दही काढला नाहीस. चारेक महिन्यांनी माझं कायमपणाचं पत्र हातात आलं. मी पेढे घेऊन शेडमध्ये आलो. तू वाघिणीखाली उताणा पडून डांबर मारत होतास. सरपटत बाहेर आलास, हात काळेभोर, म्हणून हात पुढे न करता तोंडच पुढे केलंस. मी पेढा भरवला. तू म्हणालास, पोराचं नाव काय ठेवलं. त्या क्षणी बोलता आलं असतं. आपण दोघंच होतो. मी पोराचं नाव सांगितलं आणि निघालो.

आळीत काय झालं ते मला उशिरा कळलं. जनूच्या घरच्यांनी तुमच्याकडे येणंजाणं सोडलं. पेंटरने आकडा धड काढला नाही म्हणून आमच्या पोराचा पाय गेला, हे एकदा बोललं गेलं आणि मग ते तसंच राहिलं. समोरासमोर दारं. तुझ्या लग्नात ज्याने वरातीत सगळ्यांत पुढे नाचायचा मान घेतला होता, तो जनू तुला बघून दार लोटायला लागला. तू मला यातलं काहीच कधी सांगितलं नाहीस. विचारलं तर, "बरा हाय तो," एवढंच म्हणायचास.

लाईन बंद झाली, मीठ ट्रकने जायला लागलं. मी मुरुडला मेव्हण्याच्या लॉजवर बसायला लागलो, तू पाट्या रंगवायला लागलास. ब्रश परत हातात आला याचा मला, खोटं का बोलू, तुझ्याहून जास्त आनंद झाला. वाटलं, चला, निभावलं. लॉजची पाटी आणि खोल्यांचे नंबर मी तुलाच बोलावून करून घेतले. माझ्या मनात ती भरपाई होती. दुपारी जेवून वर आलो तर पहिल्या खोलीच्या दारावर तू 'एक' लिहिला होतास, अक्षरात. दुसऱ्यावर 'दोन'. मी म्हटलं, अरे आकडा घाल ना, सुटसुटीत दिसतो, मुंबईची माणसं येतात इथे. तू म्हणालास आकडा नको. मी म्हटलं, हे दार केवढं, त्यावर 'अकरा' मावणार कसं. तू म्हणालास मावतं. मी चिडलो. आपण दोघं जिन्यात उभं राहून चांगले भांडलो, मेव्हणा खालून बघत होता. शेवटी तू ब्रश पुसत म्हणालास, "आकडा वाचनाऱ्यावं जातंय, कारकून. अक्षर ल्हिलं का कुनी चुकत न्हाय."

टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं. मी उलटून काही बोललो असतो, विषय फुटला असता. पण तू मला खरोखरच समजावून सांगत होतास, धंद्यातली एक गोष्ट सांगावी तशी. दुसऱ्याच क्षणी तू विचारलंस, जिताडं कुठे मिळेल, लेकीला, सुमनला, तो मासा आवडतो. ते भांडण तिथेच राहिलं. लॉजला अजून तीच अक्षरं आहेत. लोकांना वाटतं ती काहीतरी खास कल्पना आहे, फोटो काढतात.

नंतर मी बघत गेलो. तुझ्या कुठल्याच पाटीवर तो मराठी एक नव्हता. शाळेच्या भिंतीवर 'इयत्ता पहिली'. तुझ्या स्वतःच्या घराचा नंबर अकरा, त्यावरही अक्षरात 'अकरा'. बोटींचे नंबर इंग्रजीतच घालावे लागतात, म्हणून बोटींची कामं तू घ्यायचास, तिथे तुझी सुटका होती. लोक म्हणायचे पेंटरची लहर आहे. मला कळत होतं की लहर नाही. ज्या माणसाचा एक सगळ्या खाडीत देखणा होता, त्याने उरलेल्या आयुष्यात तो एकदाही काढला नाही. माझे चार शब्द तूही थोडेसे खरे मानले होतेस का? हे मला विचारायचं होतं. दरवर्षी दिवाळीनंतर तू सुके बोंबील घेऊन यायचास, आपण व्हरांड्यात बसायचो, आणि मी दरवर्षी ठरवायचो की या वेळी विचारू. मग चहा यायचा.

दहाव्याचं सगळं आटोपल्यावर सुमन माझ्याजवळ आली. ती आता कंटेनरच्या यार्डात कामाला आहे हे तू मला अभिमानाने सांगितलं होतंस. दिवसभर नंबर वाचते आणि मशीनमध्ये घालते. तिने मला सांगितलं, काका, कंटेनरच्या नंबरात शेवटचा आकडा नुसता तपासणीचा असतो. आधीच्या आकड्यांवरून तो काढलेला असतो, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकीचा वाचला की मशीन तो नंबर घेतच नाही. बाबांना ते ऐकून फार नवल वाटायचं, पुन्हा पुन्हा विचारायचे, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या वेळी असं काही नव्हतं. ती म्हणाली, चला, एक दाखवते.

तुला माहीत असणार, मी काय बघायला गेलो ते. कंपनीच्या पडक्या ऑफिसामागे एक वाघीण अजून आहे. चाकं केव्हाच गेलीत, कोणीतरी तिच्यात कोंबड्या ठेवल्यात. आम्ही खाडीकडच्या बाजूने गेलो. रंग कुठे उरलेला नाही, सगळं लाकूड राखाडी. पण तुझ्या सफेद्याने जिथे फळी झाकली होती तिथे लाकूड झिजलेलं नाही. आजूबाजूचं खाऱ्या वाऱ्याने, उन्हाने, पावसाने खाल्लं आणि तुझी अक्षरं वर राहिली, नाण्यावर आकडा उठावा तशी. सुमनने ओढणीने धूळ पुसली. एकतीस. तिने माझा हात धरून बोटं त्या एकावरून फिरवली. वरचं गोल घट्ट डोकं, खालची सरळ रेघ. आंधळ्यालाही कळला असता.

"काका," ती म्हणाली, "बाबांचा एक खरंच नऊसारखा दिसायचा का?"

ती लहानपणापासून ते ऐकत आली होती. आळीत, पाण्यावर, शाळेत. तुझा बाप आकडा काढायला चुकला आणि जनूकाकाचा पाय गेला. तिने कधी तुला विचारलं होतं, तर तू तिलाही दिसत असेल असंच म्हणाला होतास. मी त्या फळीवर हात ठेवून उभा होतो. आतून कोंबड्या कलकलत होत्या. आणि मी म्हणालो, पाय दुखतायत गं, गाडी गाठायला हवी.

काय माणूस आहे मी, हिराजी. चाळीस वर्षांनी पुन्हा गाडी.

अलिबागला मुरुडची गाडी लागलेली होती. मी तिच्यात चढलो, खिडकीजवळ बसलो, कंडक्टर आला तेव्हा सुटे काढायला खिशात हात घातला आणि बोटात त्या फळीची कूस घुसलेली लक्षात आली. बारीकशी. मी उतरलो. यात मोठेपणा काही नाही, मला नुसतं बसवेना. स्टँडजवळ एका ओळखीच्याकडे रात्र काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने परत पेणला आलो.

सुमन ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिठ्ठी, सावली, बाराची गाडी, एका बाजूवरून भरलेले दोन रकाने, साहेबांपुढचे चार शब्द. तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, त्या मी घेतल्या असत्या. ती हाताला लागलेला कोंडा झटकत राहिली. मग म्हणाली, मला आतून माहीत होतं, बाबांचा हात एवढा चुकणार नाही. आणि मग समोरच्या दाराकडे बोट करून म्हणाली, "मला नको काका. तिकडे सांगा."

रस्ता ओलांडायला दहा पावलं. तू ती चाळीस वर्षं ओलांडली नाहीस, मी ती दोनदा थांबून ओलांडली. जनू पडवीत बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. म्हातारा झालाय, आपल्याइतकाच. त्याने मला ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहाच्या आधीच बोललो. या वेळी चहा यायची वाट बघितली नाही. तुला सांगतोय त्याच क्रमाने, काहीही न गाळता सांगितलं. म्हटलं, हिराजीचा आकडा बरोबर होता. मी वाचायला चुकलो, आणि मी खोटं बोललो. तुझा पाय माझ्यामुळे गेला.

तो खाडीकडे बघत ऐकत होता. चहा आला, निवला. मला वाटत होतं तो कुबडी उचलून मारेल. त्याने फक्त विचारलं, "त्याला बोललास कं?"

मी म्हटलं, कोणाला.

"हिराजीला. तुझ्या तोंडानं. मी चुकलू, आसं."

मी म्हटलं, त्याला माहीत होतं.

"म्हायत व्हतं ते मी इचारत न्हाय. बोललास कं?"

नाही, म्हटलं. कधीच नाही.

जनूने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पुसतही नव्हता. म्हणाला, तुमच्या त्या आकड्यापायी मी त्याच्या दारात चाळीस वरसं गेलू न्हाय, त्या दिशी मयत निघाली तवा खिडकी लावून आत बसलू. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मना माफी नको मागू. मी मागून घेईन माझी त्याच्याकडं, वर गेल्यावं. तू आधी त्याला बोल."

तो गेला रे जनू, मी म्हटलं.

"म्हायत हाय. तरी बोल."

म्हणून दोन दारं फिरून तुझ्याकडे आलोय, हिराजी. उशीर झाला आहे, आणि तू ऐकतोस की नाही हेही मला ठाऊक नाही. पण साहेबांपुढे जे चार शब्द बोललो तितकेच आज तुझ्यापुढे बोलतो, माझ्या तोंडाने, आणि हे परत घेणार नाही.

तुझा एक बरोबर होता.